ट्रुमन यांचा आदेश १९४८ मध्ये निघाला, तरी अमेरिकी लष्करात वेगळ्या कृष्णवर्णीय पलटणी १९५४ पर्यंत कशा टिकल्या?

कृष्णाकाठ

अमेरिकेतील नागरी हक्कांच्या लढ्याविषयी वाचताना एक गोष्ट मला नीट उलगडलेली नाही, म्हणून हा धागा काढत आहे. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी कार्यकारी आदेश क्रमांक ९९८१ काढला आणि सैन्यदलांतील सर्वांना वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश यांचा विचार न करता समान वागणूक व समान संधी मिळेल, असे जाहीर केले. बहुतेक पुस्तकांत या दिवशी अमेरिकी सैन्यातील वर्णभेद संपला अशा अर्थाचे एक वाक्य येते आणि विषय तेथेच मिटतो. परंतु पुढे कोरियातील युद्धाचे प्रकरण उघडले, की १९५० मध्ये चोविसावी इन्फन्ट्री ही सगळी कृष्णवर्णीय सैनिकांची रेजिमेंट लढताना दिसते, आणि लष्करातील शेवटची अशी तुकडी १९५४ मध्ये मोडली गेल्याचे समजते.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष हा तिन्ही दलांचा सरसेनापती असतो. जेथे साध्या हवालदाराचा हुकूमही टाळता येत नाही, तेथे सरसेनापतीचा हुकूम सहा वर्षे रेंगाळला, हे कसे घडले? हा विरोध उघड होता, की आदेशातच पळवाट होती? नौदलात आणि हवाई दलातही असाच विलंब झाला का? आणि वेगळ्या पलटणी मोडल्यानंतर बढत्या, प्रशिक्षण, नेमणुका यांत खरोखर समान संधी मिळू लागली का? ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे त्यांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

नोंदवही

पळवाट आदेशाच्या मजकुरातच होती, आणि ती जाणूनबुजून ठेवलेली होती असे मानायला जागा आहे. तो आदेश जेमतेम एक-दोन पानांचा आहे आणि त्यात वेगळ्या तुकड्या बंद कराव्यात असे एकही वाक्य नाही. समान वागणूक व समान संधी हे राष्ट्राध्यक्षांचे धोरण राहील, ते शक्य तितक्या लवकर अमलात येईल, मात्र तसे करताना सैन्याची कार्यक्षमता आणि मनोधैर्य यांना धक्का न लावता आवश्यक बदल करण्यासाठी लागणारा वेळ ध्यानात घेतला जाईल, असा त्याचा सारांश आहे. हे शेवटचे कलम लष्कराच्या हाती आयतेच आले. वेगळ्या पलटणी हेच कार्यक्षमतेचे रहस्य आहे, त्या मोडल्या तर गोऱ्या सैनिकांचे मनोधैर्य खचेल, असे लष्कर आधीपासूनच सांगत होते. तीन दिवसांनी पत्रकार परिषदेत या आदेशाचा अर्थ पृथक्करणाचा, म्हणजे वर्णानुसार वेगळे ठेवण्याचा, शेवट असा घ्यावा का, असे विचारले गेले तेव्हा ट्रुमन यांनी होकार दिला. पण तो होकार तोंडी होता आणि आदेशाचा मजकूर होता तसाच राहिला.

लष्कराची भूमिका समजून घेण्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागते. महायुद्ध संपल्यावर लेफ्टनंट जनरल अल्व्हन गिलेम यांच्या मंडळाने कृष्णवर्णीय सैनिकांच्या वापराविषयी अहवाल दिला आणि १९४६ मध्ये तो धोरण म्हणून स्वीकारला गेला. त्यात संधी वाढवण्याची भाषा होती, पण वेगळ्या तुकड्या कायम होत्या आणि एकूण सैन्यात कृष्णवर्णीयांचे प्रमाण दहा टक्क्यांवर जाऊ नये अशी मर्यादाही होती. आपल्याकडे समान संधी आधीच आहे, ती वेगळ्या तुकड्यांतून दिली जाते एवढेच, असा युक्तिवाद लष्कराचे मंत्री केनेथ रॉयल याच धोरणाच्या आधारे करत राहिले. लष्करप्रमुख ओमर ब्रॅडली यांनी तर आदेश निघाल्यानंतर लगेचच, लष्कर हे सामाजिक प्रयोगांचे ठिकाण नव्हे आणि देश बदलेल तेव्हा लष्करही बदलेल, अशा आशयाचे विधान केले. त्यांना त्या वेळी आदेशाची कल्पना नव्हती असे नंतर सांगण्यात आले. तसे असेलही, परंतु त्यांनी जे बोलून दाखवले तेच वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मनात होते, याविषयी फारशी शंका नाही.

आदेशाचा खरा उपयोग झाला तो त्याने नेमलेल्या समितीमुळे. माजी सॉलिसिटर जनरल चार्ल्स फॅही हे तिचे अध्यक्ष होते. ते स्वतः दक्षिणेतल्या जॉर्जियाचे, त्यामुळे त्यांच्याकडून सौम्य अहवाल येईल असे अनेकांना वाटले असावे. समितीत अर्बन लीग या कृष्णवर्णीयांसाठी काम करणाऱ्या संघटनेचे लेस्टर ग्रेंजर आणि शिकागो डिफेंडर या वृत्तपत्राचे प्रकाशक जॉन सेंगस्टॅक हे दोन कृष्णवर्णीय सदस्य होते. या समितीने न्याय-अन्यायाचा वाद घातला नाही; लष्कराचाच कार्यक्षमतेचा मुद्दा उचलून लष्कराची कागदपत्रे तपासली. तेव्हा असे दिसले, की लष्करातील कित्येक तांत्रिक कामांत कृष्णवर्णीयांसाठी एकही जागा मंजूर नव्हती आणि प्रशिक्षणाचे बहुसंख्य वर्ग त्यांना बंद होते. कारण सरळ होते. प्रशिक्षणानंतर ज्या तुकडीत नेमायचे ती तुकडी कृष्णवर्णीय असली पाहिजे, आणि तशा तुकडीत रडार दुरुस्त करणाऱ्याची जागाच नसेल, तर त्या माणसाला रडारच्या वर्गाला पाठवायचे कशासाठी? म्हणजे वेगळ्या तुकडीत समान संधी देता येते हा दावा लष्कराच्या स्वतःच्या जागांच्या तक्त्यावरच कोसळत होता. रॉयल एप्रिल १९४९ मध्ये पायउतार झाले, त्यांच्या जागी गॉर्डन ग्रे आले, आणि बरीच ओढाताण होऊन १९५० च्या आरंभी लष्कराने जागा वर्ण न पाहता भरण्याचे मान्य केले. एप्रिल १९५० मध्ये दहा टक्क्यांची मर्यादाही गेली. मे १९५० मध्ये समितीने अंतिम अहवाल सादर केला आणि ती विसर्जित झाली.

हवाई दलाचे चित्र वेगळे होते. ते १९४७ मध्येच स्वतंत्र दल झाले होते, त्याचे मंत्री स्टुअर्ट सिमिंग्टन या बदलाला अनुकूल होते, आणि कुशल माणसे वेगळ्या तुकडीत अडकवून ठेवणे यंत्रांवर चालणाऱ्या दलाला परवडत नाही, हा हिशोब तेथील अधिकाऱ्यांनी आदेशापूर्वीच मांडून ठेवला होता. ओहायोतील लॉकबोर्न तळावर कर्नल बेंजामिन डेव्हिस (धाकटे) यांच्या हाताखाली असलेला टस्कीगी वैमानिकांचा (कृष्णवर्णीय लढाऊ वैमानिकांचा) गट १९४९ च्या उन्हाळ्यात मोडून त्यातील माणसे दलभर विखुरली गेली. हे डेव्हिस वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत असताना चार वर्षे त्यांच्याशी कामाव्यतिरिक्त कोणीही बोलत नसे, आणि तरीही १९३६ मध्ये ते पदवी घेऊन बाहेर पडले.

नौदलाने फेब्रुवारी १९४६ मध्येच कागदोपत्री सर्व बंधने उठवली होती. मात्र त्यानंतरही निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय नौसैनिक अधिकाऱ्यांना जेवण वाढणाऱ्या आणि त्यांच्या खोल्या आवरणाऱ्या स्ट्युअर्ड शाखेतच होते. मरीन दलाचे मॉन्टफर्ड पॉइंट येथील वेगळे प्रशिक्षण केंद्र १९४९ मध्ये बंद झाले. १९४२ पासून तेथे सुमारे वीस हजार मरीन तयार झाले होते.

टेहळणी

नोंदवही यांनी वॉशिंग्टनमधील बाजू नेमकी मांडली आहे. परंतु फॅही समितीचा अहवाल आला तेव्हाही लष्करातील बहुतेक कृष्णवर्णीय सैनिक वेगळ्या तुकड्यांतच होते आणि लष्कराने या बदलासाठी कोणतीही मुदत मान्य केली नव्हती. बदल घडला तो पुढील तीन वर्षांत, आणि त्याचे मुख्य कारण मनुष्यबळाचा हिशोब हे आहे.

दहा टक्क्यांची मर्यादा उठल्याबरोबर काही महिन्यांत नव्या भरतीतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांशावर गेले. त्यातच २५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटले. दक्षिण कॅरोलिनातील फोर्ट जॅक्सन या प्रशिक्षण केंद्रावर रोज इतके नवे सैनिक येऊन पडू लागले, की त्यांना वर्णानुसार वेगळे काढून वेगळ्या कंपन्या उभारणे अशक्य झाले, आणि तेथील प्रमुखाने ते वेगळे काढणेच थांबवले. ज्या राज्यात बसमध्ये आणि शाळेत वेगळ्या जागा कायद्याने ठरवलेल्या होत्या, त्या राज्यात एका बराकीत गोरी आणि कृष्णवर्णीय मुले शेजारी झोपू लागली, आणि ज्याची भीती घातली जात होती असे काहीच घडले नाही.

कोरियात प्रश्न याहून बिकट होता. पुसानच्या लढाईत गोऱ्या पलटणींची भयंकर हानी झाली होती आणि त्यांच्या रिकाम्या जागा भरायला माणसे मिळत नव्हती. दुसरीकडे मंजूर संख्येहून अधिक कृष्णवर्णीय सैनिक जपानमार्गे येऊन पोहोचत होते आणि वेगळ्या तुकड्यांत त्यांना जागा उरली नव्हती. नवव्या इन्फन्ट्री रेजिमेंटसारख्या ठिकाणी अधिकाऱ्यांनी वरच्या आदेशाची वाट न पाहता कृष्णवर्णीय सैनिकांना गोऱ्या बटालियनमध्ये पाठवायला सुरुवात केली. शत्रू डोंगर चढून येत असताना खंदकात शेजारचा माणूस कोणत्या वर्णाचा आहे याची चौकशी फारसे कोणी करत नाही. १९५१ च्या मध्यापर्यंत कोरियात लढणाऱ्या आठव्या सैन्यातील निम्म्याहून अधिक पायदळ कंपन्या थोड्याबहुत प्रमाणात मिश्र झाल्या होत्या, आणि यातले जवळजवळ सगळे धोरण जाहीर न करता घडले होते.

मे १९५१ मध्ये अतिपूर्वेतील अमेरिकी सेनेचे प्रमुख जनरल मॅथ्यू रिजवे यांनी आपल्या अधिकारक्षेत्रातील सर्व तुकड्या मिश्र करण्याची परवानगी मागितली, जुलैमध्ये ती मिळाली, आणि १ ऑक्टोबर १९५१ रोजी चोविसावी इन्फन्ट्री विसर्जित झाली. लष्कराने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी संलग्न संशोधकांकडून याच काळात एक मोठी पाहणी करवली होती, तिचा निष्कर्षही मिश्र तुकड्या लढण्यात कमी पडत नाहीत असाच निघाला. युरोपातील सैन्याने एप्रिल १९५२ मध्ये सुरुवात केली. ऑक्टोबर १९५३ पर्यंत ९५ टक्के कृष्णवर्णीय सैनिक मिश्र तुकड्यांत आलेले होते. १९५४ मध्ये मोडली ती उरलीसुरली शेपटी होती.

चोविसाव्या इन्फन्ट्रीविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिच्यावर पळपुटेपणाचा शिक्का मारला गेला आणि तिच्या सैनिकांवर लष्करी न्यायालयात धडाधड खटले चालले. त्यांची चौकशी करायला १९५१ च्या आरंभी एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे वकील थर्गुड मार्शल स्वतः जपान आणि कोरियात गेले. एकाच लढाईत गोऱ्या सैनिकांना किरकोळ शिक्षा आणि कृष्णवर्णीयांना जन्मठेप, असा प्रकार त्यांना आढळला. काही खटले तर तासाभरातच उरकले होते. लेफ्टनंट लिऑन गिल्बर्ट यांना मृत्युदंड झाला होता, तो ट्रुमन यांनी कमी करून वीस वर्षांच्या कैदेवर आणला. वेगळी पलटण ठेवायची, तिला अपुरे प्रशिक्षण आणि तिच्यावर विश्वास नसलेले गोरे अधिकारी द्यायचे, आणि ती डळमळली की तिच्या वंशाकडे बोट दाखवायचे, ही पद्धत जुनीच होती. वेगळ्या तुकडीमुळेच असा आरोप करणे शक्य होते. माणसे सगळीकडे विखुरल्यावर पराभवाला वर्ण उरला नाही.

मुळाक्षर

टेहळणी यांचा हिशोब बरोबर आहे, परंतु त्यातून निघणारे चित्र मला एकांगी वाटते. केवळ गरजेनेच बदल घडत असता, तर तो दुसऱ्या महायुद्धातच घडायला हवा होता, कारण गरज तेव्हाही होती. डिसेंबर १९४४ मध्ये आर्देनच्या जंगलात जर्मनांनी मोठा हल्ला केला आणि पायदळाची माणसे संपत आली, तेव्हा मागच्या रसद तुकड्यांतील कृष्णवर्णीय सैनिकांना आघाडीवर येण्याचे आवाहन करण्यात आले. साडेचार हजारांहून अधिक जण पुढे आले आणि सुमारे बावीसशे घेतले गेले. त्यांतील अनेक सार्जंटांना आपल्या हुद्द्याच्या फिती उतरवून साधे शिपाई व्हावे लागले, कारण गोऱ्या सैनिकांवर कृष्णवर्णीय सार्जंटाचा हुकूम चाललेला चालणार नव्हता. हे लोक गोऱ्या कंपन्यांत प्लाटून करून लढले. त्यांच्याबरोबर लढलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची आणि सार्जंटांची मते नंतर विचारली गेली, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी आपले मत पूर्वीपेक्षा चांगले झाल्याचे सांगितले. युद्ध संपताच या प्लाटून मोडल्या, माणसे परत वेगळ्या तुकड्यांत गेली, आणि त्या पाहणीला प्रसिद्धी मिळू नये याची काळजी घेतली गेली. गरज होती, पुरावा होता, तरी पुढच्या वर्षी गिलेम मंडळाने पृथक्करण कायम ठेवलेच.

१९४५ आणि १९५१ यांच्यामध्ये बदलले ते राजकारण, आणि ते बदलणारी माणसे होती. ए. फिलिप रँडॉल्फ हे रेल्वेच्या शयनयानांतील कृष्णवर्णीय पोर्टरांच्या संघटनेचे नेते. १९४१ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना संरक्षण उद्योगांतील भेदभावाला बंदी घालणारा आदेश क्रमांक ८८०२ काढावा लागला. १९४८ मध्ये शांतताकाळातील सक्तीच्या भरतीचा कायदा येऊ घातला, तेव्हा त्याच रँडॉल्फ यांनी सिनेटच्या समितीसमोर स्पष्ट सांगितले, की वेगळ्या पलटणींसाठी भरती होणार असेल तर मी तरुणांना ती नाकारायला सांगेन, मग तुरुंगात जावे लागले तरी चालेल. तो कायदा जूनमध्ये झाला, आदेश जुलैमध्ये निघाला, आणि अध्यक्षपदाची निवडणूक नोव्हेंबरमध्ये होती. उत्तरेतील शहरांमधील कृष्णवर्णीय मते ट्रुमन यांना हवी होतीच. पण दक्षिणेतील त्यांच्याच पक्षाचे लोक याच प्रश्नावरून फुटून स्ट्रॉम थर्मंड यांना वेगळे उमेदवार म्हणून उभे करत असताना आदेश काढणे म्हणजे निव्वळ मतांचा जुगार होता असेही मला म्हणवत नाही.

ट्रुमन यांच्यावर झालेला एक परिणाम बहुतेक अभ्यासक मान्य करतात. फेब्रुवारी १९४६ मध्ये सार्जंट आयझॅक वुडर्ड सैन्यातून मुक्त होऊन गणवेशातच बसने घरी निघाले होते. दक्षिण कॅरोलिनात बसचालकाशी झालेल्या शाब्दिक चकमकीवरून त्यांना खाली उतरवण्यात आले आणि पोलीसप्रमुखाने इतके मारले, की त्यांचे दोन्ही डोळे कायमचे गेले. खटला झाला, सगळ्या गोऱ्या पंचांनी त्या पोलीसप्रमुखाला निर्दोष सोडले. पहिल्या महायुद्धात स्वतः तोफखान्याचा कॅप्टन असलेल्या ट्रुमन यांना ही हकिकत एनएएसीपीचे वॉल्टर व्हाइट यांनी सांगितली, आणि त्याच वर्षअखेर नागरी हक्क समिती नेमली गेली. सैन्यातील पृथक्करण थांबवावे ही शिफारस तिच्याच १९४७ च्या अहवालात होती.

कोरियातल्या सेनापतींना मिश्र तुकड्या करण्याची मुभा मिळाली, कारण दहा टक्क्यांची मर्यादा गेलेली होती आणि आदेश उभा होता. त्याविना रिजवे यांचा अर्ज कोणत्या आधारावर मंजूर झाला असता?

सीमोल्लंघन

या धाग्याचा महाराष्ट्राशी एक खरा धागा जुळतो. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार सैनिक मोठ्या संख्येने होते; पण सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात 'लढाऊ जमाती'चा सिद्धान्त बळावला आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती थांबवण्यात आली. तिच्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज तयार केला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवले. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि निकड संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते; त्यांच्या पाठपुराव्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली.

गरजेला बोलवायचे आणि गरज सरताच घरी पाठवायचे, इतपत साम्य स्पष्ट आहे. मागणी मात्र उलट दिशेची दिसते. रँडॉल्फ यांना वेगळी पलटण नको होती, आणि आपल्याकडे वेगळी पलटण मिळणे हाच हक्काचा विजय होता. अर्थात अमेरिकेतही ही पायरी होऊन गेली होती. यादवी युद्धात कृष्णवर्णीयांचे नेते फ्रेडरिक डग्लस कृष्णवर्णीय तरुणांना वेगळ्या रेजिमेंटांत भरती व्हायला सांगत होते; तेव्हा सुमारे एक लाख ऐंशी हजार जण उत्तरेच्या बाजूने लढले. गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर असताना यांना दहा मिळत आणि त्यांतूनही तीन डॉलर कपड्यांचे कापले जात. मॅसॅच्युसेट्सच्या चौपन्नाव्या रेजिमेंटने हा अपुरा पगार घेण्यासच नकार दिला, आणि १८६४ मध्ये काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) समान वेतन द्यावे लागले. आत शिरायचे दारच बंद असते तेव्हा वेगळी पलटणही पुढचे पाऊल ठरते, आणि दार उघडल्यावर तीच पलटण भिंत होते.

जाता जाता: दुसऱ्या महायुद्धात आसामातील लेडोपासून ब्रह्मदेशात जाणारा रस्ता बांधणाऱ्या सुमारे पंधरा हजार अमेरिकी सैनिकांपैकी अंदाजे साठ टक्के कृष्णवर्णीय होते. म्हणजे या वेगळ्या पलटणी भारतानेही जवळून पाहिल्या आहेत.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आदेशाचे शब्द, समितीचा तक्ता आणि कोरियातील रिकाम्या जागा, या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्यावर ती सहा वर्षे बरीच समजली. मुळाक्षर आणि टेहळणी यांच्या मतांत मला वाटते तेवढे अंतर नाही, पण तो निर्णय त्यांच्यावर सोपवतो. माझा शेवटचा प्रश्न अजून शिल्लक आहे. तुकड्या मिश्र झाल्यानंतर बढत्यांचे काय झाले?

पैलतीर

बढत्यांचा प्रश्न वीस वर्षे जवळजवळ कोणी विचारलाच नाही, कारण १९५४ नंतर सैन्याने आपले काम पूर्ण झाले असे धरले. मध्यंतरी संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी जुलै १९६३ मध्ये, तळाबाहेर सैनिकांशी भेदभाव करणारी ठिकाणे सैनिकांना वर्ज्य ठरवण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्यांना दिला; तो फार थोड्यांनी वापरला.

हा समज व्हिएतनामने उधळून लावला. युद्धाच्या पहिल्या वर्षांत लढाईत मरणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास गेले होते; त्यावर टीका झाल्यावर ते खाली आणले गेले आणि संपूर्ण युद्धाचा आकडा सुमारे साडेबारा टक्के राहिला. १९६६ पासून भरतीच्या परीक्षेचे निकष शिथिल करून सुमारे साडेतीन लाख तरुण घेण्यात आले, त्यांतील अंदाजे चाळीस टक्के कृष्णवर्णीय होते. त्याच वेळी अधिकाऱ्यांतील त्यांचा वाटा दोन-तीन टक्क्यांच्या पुढे नव्हता. शिपाई एका वर्णाचे आणि त्यांना शिक्षा करणारे अधिकारी दुसऱ्या वर्णाचे, ही रचना नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतरच्या काळात टिकणे शक्य नव्हते. ऑगस्ट १९६८ मध्ये व्हिएतनाममधील लाँग बिनच्या लष्करी तुरुंगात, १९६९ मध्ये मरीनच्या कॅम्प लेजूनवर, १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्रॅव्हिस हवाई तळावर आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये किटी हॉक या विमानवाहू जहाजावर वांशिक दंगली झाल्या.

समान संधीचे आजचे बहुतेक यंत्रणा-प्रकार या दंगलींतून जन्माला आले, १९४८ च्या आदेशातून नव्हे. नौदलप्रमुख अॅडमिरल एल्मो झुमवॉल्ट यांनी डिसेंबर १९७० मध्ये नौदलातील समान संधीविषयी थेट सर्व दलाला उद्देशून आदेश काढला. १९७१ मध्ये फ्लोरिडातील पॅट्रिक हवाई तळावर वंशसंबंधांचे प्रशिक्षण देणारी संस्था सुरू झाली. १९७३ मध्ये सक्तीची भरती संपली, आणि ऐच्छिक सैन्याला कृष्णवर्णीय तरुणांविना चालणारच नव्हते. १९८० च्या दशकात लष्करातील शिपायांमध्ये त्यांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात होते.

बढत्यांबाबत मला सर्वांत बोलके वाटते ते क्लिफर्ड अलेक्झांडर यांचे उदाहरण. ते १९७७ मध्ये लष्कराचे पहिले कृष्णवर्णीय मंत्री झाले. ब्रिगेडियर जनरल करावयाच्या कर्नलांची यादी त्यांच्यापुढे आली, तेव्हा तिच्यात एकही कृष्णवर्णीय नाव नव्हते. त्यांनी ती अडवून ठेवली. कोणालाही खास जागा द्या असे त्यांनी सांगितले नाही. पात्र कृष्णवर्णीय कर्नलांच्या नोंदींत एखाद्या पूर्वग्रहदूषित वरिष्ठाने मारलेला शेरा बढतीच्या आड येतो आहे का, एवढे तपासायला सांगितले. तसे शेरे निघाले, ते बाजूला ठेवून पुन्हा विचार झाला, आणि नावे यादीत आली. कॉलिन पॉवेल १९७९ मध्ये ब्रिगेडियर जनरल झाले ते याच काळात. दहा वर्षांनी ते संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचे अध्यक्ष झाले.

तरी वरच्या हुद्द्यांवर प्रमाण कमीच राहिले, आणि त्याचे एक कारण मागच्या रचनेत शोधता येते. जनरल होणारे बहुसंख्य अधिकारी पायदळ, चिलखती दल, तोफखाना अशा लढाऊ शाखांतून येतात. कृष्णवर्णीय अधिकारी मात्र रसद, वाहतूक, प्रशासन या शाखांत अधिक आढळतात. काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने २०११ च्या अहवालात हाच मुद्दा ठळकपणे मांडला होता. या शाखानिवडीला पुष्कळ कारणे आहेत, पण दुसऱ्या महायुद्धात बहुतेक कृष्णवर्णीय सैनिकांना गाडी हाकण्याची, गोदीवर माल उतरवण्याची आणि रस्ते बांधण्याचीच कामे मिळाली होती, हे डोळ्यांआड करता येत नाही. मरीन दलाला तर पहिला कृष्णवर्णीय चार-तारांकित जनरल २०२२ मध्ये मिळाला. लॉइड ऑस्टिन २०२१ मध्ये संरक्षणमंत्री झाले, चार्ल्स ब्राउन २०२३ मध्ये संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्राउन यांना पदावरून दूर करण्यात आले, त्याच्या आदल्या महिन्यात सैन्यदलांतील विविधता व समावेशनाचे कार्यक्रम बंद करण्याचा अध्यक्षीय आदेश निघाला होता, आणि सध्याचा सगळा वाद तेथून पुढे चालू आहे.

टेहळणी

पैलतीर यांच्या शाखांच्या मुद्द्याला एक छोटी पुस्ती जोडतो. नोंदवही यांनी उल्लेखलेली नौदलाची स्ट्युअर्ड शाखा कृष्णवर्णीयांसाठी हळूहळू ऐच्छिक होत गेली, तेव्हा ती रिकामी पडली नाही. फिलिपिन्सशी झालेल्या करारानुसार तेथील तरुणांना अमेरिकी नौदलात घेतले जात होते, आणि त्यांना १९७१ पर्यंत जवळजवळ हीच एक शाखा खुली होती. कृष्णवर्णीय नौसैनिक यंत्रशाळेत आणि तोफांवर जाऊ लागले, आणि अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात त्यांची जागा फिलिपिनो तरुणांनी घेतली. १९७० च्या दशकात ती शाखा इतर स्वयंपाकी शाखेत विलीन झाली, तेव्हा कुठे वाढपी म्हणून केवळ एका समाजाची माणसे नेमण्याची पद्धत थांबली.